प्रतिक्रियेला उत्तर: नोटीस दिली म्हणून मुदत थांबत नाही

नमस्कार साहेब. करारभंगाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, हा माझा लेख लोकांना उगाच घाबरवतो असं तुम्ही लिहिलंत. अंधेरीतल्या एका कंपनीच्या ऑफिसचं फर्निचर तुम्ही जून 2022 मध्ये करून दिलंत, बिल अडकलं, मार्च 2024 मध्ये वकिलाची नोटीस गेली. समोरचे अजून "देतो, देतो" म्हणतायत. म्हणून मुदत नोटिशीपासून मोजायची, आणि उशीर झालाच तर कोर्ट माफ करतं, असं तुमचं म्हणणं.

शेवटचं आधी घेतो, कारण त्यानेच लोक बुडतात. मुदत कायदा 1963 च्या कलम 5 मधली उशीरमाफी अपिलांना आणि अर्जांना आहे, मूळ दाव्याला नाही. उलट कलम 3 म्हणतं की समोरच्याने मुदतीचा विषय काढलाच नाही, तरी मुदतबाह्य दावा न्यायाधीशांनी फेटाळलाच पाहिजे.

आता नोटीस. केलेल्या कामाचे पैसे कधी द्यायचे हे ठरलं नसेल, तर तीन वर्षं काम झाल्यापासून सुरू होतात (मुदत कायद्याच्या परिशिष्टातला अनुच्छेद 18; पुढे येणारं कलम 18 वेगळं). म्हणजे तुमची मुदत जून 2025 मध्ये संपली. पैसे द्यायची तारीख ठरलेली असेल तर हिशेब वेगळा, तो कागद बघूनच सांगता येईल. पण मधली नोटीस, फोन, बैठका, "साहेब परदेशात आहेत" यांपैकी कशानेही मुदत थांबत नाही. करारात लवादाचं, म्हणजे वाद कोर्टाऐवजी पंचाकडे नेण्याचं, कलम असेल तर मात्र लवाद मागणारी नोटीस समोरच्याला मिळाली की कार्यवाही सुरू झाली असं धरतात. साधी वकिली नोटीस म्हणजे ती नव्हे.

"खटला वीस वर्षं चालतो, मग दावा लावायलाच घाई का?" हा टोमणा आवडला. रेंगाळणं कोर्टाच्या माथी, पण दावा वेळेत लावणं तुमच्या. माझं मत विचाराल तर हा नियम छोट्या कारागिरावर कडक आहे. मोठ्या कंपनीच्या पदरी वकील असतो, आणि गोड बोलून तीन वर्षं काढणं हा कित्येकांचा धंदाच आहे.

म्हणूनच कागद हवा. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सही करून लेखी कबुली दिली, तर त्या तारखेपासून तीन वर्षं नव्याने मिळतात (मुदत कायद्याचं कलम 18). त्या कबुलीत "पण पैसे देणार नाही" असं लिहिलेलं असलं तरी ती कबुलीच. मुदतीत सहीनिशी थोडी रक्कम दिली तरी तसंच (कलम 19). मुदत उलटल्यावर कबुली पुरत नाही. तेव्हा "देईन" असं लेखी, सहीचं वचन लागतं. ते करार कायद्याच्या कलम 25(3) खाली चालतं.

तुमच्या बाबतीत आणखी एक शोधा. देणेकरी नोंदणीकृत कंपनी असेल, तर तिचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फी भरून मिळतात. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलंय की ताळेबंदातली नोंद कलम 18 ची कबुली ठरू शकते, मात्र ताळेबंदाला जोडलेल्या टिपांसकट वाचून, प्रकरणागणिक. पुरवठादारांची देणी तिथे बहुधा एकाच आकड्यात गोळा केलेली असतात, त्यामुळे फार आशा धरू नका. जून 2025 आधी सही झालेले ताळेबंद मात्र वकिलांना दाखवाच, आणि 31 मार्चला त्यांच्या अकाउंटंटने शिल्लक कळवणारं पत्र सहीनिशी कधी पाठवलं होतं का, ते जुन्या फायलींत बघा.