छत्तीस हजार किलोमीटरवरची व्हॉइस नोट

विमानात नेट अजिबात नसेल तर माझी काही तक्रार नसते. माणूस मुकाट्याने जेवतो, झोपतो, समोरच्या पडद्यावर कास्पियन समुद्रावरून इंच इंच सरकणारं विमानाचं चित्र बघत बसतो. भरपूर नेट असलं तरी हरकत नाही. वाट लागते ती थोडंसं मिळालं की. आणि बऱ्याच विमान कंपन्या नेमकं तेवढंच फुकट वाटतात: फक्त लिहिलेले निरोप. फोटो नाही, व्हिडिओ नाही, आवाज नाही.

लंडनहून, लेकीकडून परत येताना हा प्रसाद आम्हालाही मिळाला. आधी फ्लाइट मोड लावायचा, त्यावर वायफाय चालू करायचं, मग एका पानावर आडनाव आणि सीट नंबर भरायचा, मग ज्या अटी वाचत बसलं तर मुंबई येईल त्या न वाचता मान्य करायच्या. एवढं सगळं करून पहिला निरोप आला तो सोसायटीच्या ग्रुपवर. 'उद्या टाकी धुण्याचे काम असल्याने पाणी येणार नाही. जिन्यात चपला ठेवू नयेत.' एक अक्षर गळलं नव्हतं. फायदा एकच झाला. नातेवाइकांच्या ग्रुपवरचे गुलाब, उगवते सूर्य आणि सुविचार, सगळ्यांचे करडे चौकोन झाले होते. लग्नानंतर इतकी शांतता मी पहिल्यांदाच अनुभवत होते.

तेवढ्यात सासूबाईंची व्हॉइस नोट आली. म्हणजे, आली एवढंच कळलं. त्या बाणावर बोट ठेवलं की गोल फिरायला लागायचा, फिरफिर फिरायचा, दमायचा आणि पुन्हा बाण व्हायचा. शेजारी लांबी मात्र व्यवस्थित दिसत होती: चार सेकंद. माझ्या पोटात गोळा आला. आईंना चांगली बातमी सांगायला निदान दोन मिनिटं लागतात. चार सेकंदांत काय सांगतील? मग नऊ सेकंदांची आली. मग चांगली दोन मिनिटांची.

"आई, काय झालं? लिहून पाठवा," मी लिहिलं. आईंनी लगेच उत्तर दिलं, व्हॉइस नोटने. चष्मा लावून टाइप करणं हा त्यांच्या मते तरुणांचा रिकामटेकडेपणा आहे. मग वन्संना लिहिलं, "आई बऱ्या आहेत ना?" वन्सं आईंचीच लेक. त्यांचंही उत्तर आलं. अकरा सेकंद.

खिडकीशी ठाण्याचा एक मुलगा लॅपटॉप उघडून बसला होता. माझी चुळबूळ बघून त्याने समजावलं, "काकू, विमानाच्या पाठीवर एक कुबड असतं, त्यात अँटेना. तुमचा निरोप तिथून जवळजवळ ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहाकडे जातो, मग खाली जमिनीवर, मग तुमच्या घरी. उत्तर त्याच वाटेने परत. शिवाय सगळं विमान तेवढीच एक वाहिनी वाटून घेतं, म्हणून फुकटवाल्यांना आवाज आणि फोटो बंद."

हे मला तत्काळ पटलं. आमच्या बिल्डिंगमध्ये सकाळी सातला सगळ्यांनी नळ सोडले की चौथ्या मजल्यावर नुसती हवा येते.

"हल्ली काही विमानांत स्टारलिंकचं उपग्रहावरून येणारं नेट असतं," तो म्हणाला, "त्यांचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरच फिरतात. तिथे व्हिडिओसुद्धा छान चालतो. आपल्या विमानात ते नाही." आपण चुकीच्या विमानात बसलोय, हे कळून कोणाचं भलं झालंय!

आमच्या ह्यांना अशा वेळी इतिहास आठवतो. २००४ मध्ये लुफ्तान्साच्या म्युनिक ते लॉस एंजेलिस विमानात बोइंगची इंटरनेट सेवा सुरू झाली आणि २००६ मध्ये बोइंगने गाशा गुंडाळला. आपल्याकडे नियम आले २०१८ मध्ये, आणि भारताच्या हद्दीत विमान ३,००० मीटरच्या वर असेल तरच नेट वापरता येतं. आईंना काय झालंय, हे सोडून ह्यांना सगळं माहीत होतं.

"पैसे भरून मोठा प्लॅन घे ना," हे म्हणाले. घेतला असता. कार्डाचा नंबर भरला, मागचे तीन आकडे भरले. पडद्यावर आलं, 'आपल्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे.' खाली घड्याळ उलटं पळायला लागलं. ओटीपी एसएमएसने येणार. एसएमएस टॉवरवरून येणार. टॉवर कुठेतरी खाली, दहा किलोमीटरवर, परमुलखात. म्हणजे नेट हवं तर ओटीपी हवा, आणि ओटीपी हवा तर विमानातून उतरायला हवं! घड्याळ शून्यावर आलं. 'पुन्हा पाठवा' असं बटण होतं, तेही दाबून पाहिलं. मग ह्यांचं कार्ड काढलं. त्याच्यावर परदेशी व्यवहार बंद. ते चालू करायचे बँकेच्या ॲपमधून, आणि ॲप उघडायला हवं नेट. एअर होस्टेसला विचारलं तर ती गोड हसली आणि म्हणाली, "मॅडम, चहा की कॉफी?"

मुंबई आली. पण मुंबई आली म्हणजे विमान उतरलं असं नसतं. आपल्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत आणि विमानं वर घिरट्या घालत बसतात. खाली दिवे दिसत होते. त्यातल्याच एखाद्या दिव्याखाली आई होत्या, कशा अवस्थेत कोण जाणे. त्यातच विमान खाली यायला लागलं आणि होतं तेवढंही नेट गेलं.

चाकं टेकली, फ्लाइट मोड काढला आणि फोन थरथरायला लागला. ओटीपी. त्याच्यामागून आणखी ओटीपी. सगळे मुदत संपलेले, आणि प्रत्येकात बजावलेलं की हा कोणालाही सांगू नका. त्यांच्याखाली व्हॉइस नोटा. लोक उभे राहून डोक्यावरच्या बॅगा ओढत होते आणि मी फोन कानाला लावून बसले होते.

चार सेकंदांची: "हॅलो? हॅलो! ऐकू येतंय का?"

नऊ सेकंदांची: "विमानात म्हणे आता नेट असतं. खरंच लागतं का ते बघत होते."

दोन मिनिटांच्या नोटेत आई बोलतच नव्हत्या. बटण अडकून राहिलं होतं. मालिकेतली कोणीतरी सून रडत होती आणि मधेच कुकरची शिट्टी झाली. पुढची त्यांनी माझ्या प्रश्नाला दिलेली: "मला काय व्हायचंय? तू बोल ना काहीतरी!"

मग वन्संची. "अगं वहिनी, आई ठणठणीत आहे. पण तू मेली नुसती लिहितेस, तोंडाने एक शब्द बोलत नाहीस, म्हणून रागावलीय."