दोन फुटांचं अंतर

जुना संगणक आणि नवा संगणक एकाच टेबलावर आहेत. मधे फार तर दोन फूट. तेवढ्या अंतरावर फायली पोचवायला माझा अख्खा रविवार गेला, हे मी कुणाला सांगणार नव्हतो. पण घरच्यांनी ते सगळ्यांना सांगून झालंय, तेव्हा आता माझी बाजू मांडतो.

सुरुवात मी पेन ड्राइव्हनेच केली होती. १६ जीबीचा, पूर्ण रिकामा. त्यात ६ जीबीचा व्हिडिओ टाकायला गेलो, तर म्हणे फाइल फार मोठी आहे. सोळात सहा मावत नाहीत, हे गणित मला कुठल्याच इयत्तेत शिकवलं नव्हतं. मग कळलं की ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे आणि त्या पद्धतीत ४ जीबीच्या वरची एक फाइल चालत नाही, जागा कितीही असो. मी म्हटलं, "मरू दे. नेटवर्कच करू. दहा मिनिटांचं काम." माझं हे वाक्य ऐकलं आणि बायकोने माझ्या वाटणीची दिवसभराची कामं मुकाट्याने स्वतःकडे घेतली.

केबल घरात होती. टोकाची खिटी मोडलेली, म्हणजे जरा धक्का लागला की सुटणार. ती चिकटपट्टीने बसवली. पूर्वी असे दोन संगणक थेट जोडायला आतल्या तारा उलटसुलट केलेली वेगळी क्रॉसओव्हर केबल लागायची. आताची पोर्टं ते स्वतःच सांभाळून घेतात. मला हे तसली केबल तासभर शोधल्यावर वाचायला मिळालं.

दोन्हीकडे दिवे लुकलुकले. आता प्रत्येकाला पत्ता द्यायचा. कुणी दिला नाही तर ही यंत्रं १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता आपणच घेतात, पण ते मला अनाथासारखं वाटलं. म्हणून मी स्वतः बसून, सबनेट मास्कसकट (म्हणजे पत्त्यातला नेटवर्कचा भाग कुठला ते सांगणाऱ्या आकड्यासकट), व्यवस्थित पत्ता दिला: १९२.१६८.१.१०. दोघांनाही. तोच. एका खुर्चीवर दोघं बसवल्यावर जे होतं ते झालं.

एकाचा दहाचा अकरा केला आणि पिंग केलं. नव्याने हाक मारली की जुना लगेच ओ द्यायचा. जुन्याने हाक मारली की नवा ढिम्म. चार हाका, चारही वाया. केबल वाईट असती तर दोन्ही बाजूंनी बोंब असती, हे तेव्हा सुचायला हवं होतं. मी मात्र चिकटपट्टीचा आणखी एक वेढा दिला. खरं कारण असं की नव्या संगणकाने या अनोळखी नेटवर्कला 'सार्वजनिक' ठरवून फायरवॉलचं दार लावून घेतलं होतं. माझं टेबल सार्वजनिक! ते खासगी करवून घेईपर्यंत दुपार उलटली.

मग पासवर्ड. नव्यावर मी रोज चार आकडी पिन टाकून आत जातो. तोच पिन जुन्यावरून टाकला, तर चूक. पुन्हा टाकला, पुन्हा चूक. पिन फक्त त्या यंत्रापुढे बसून चालतो. नेटवर्कवरून यायचं तर खात्याचा खरा पासवर्ड लागतो. तो मी पिन मिळाल्याच्या आनंदात केव्हाच विसरलो होतो. म्हणजे एका हाताने नव्याचा कीबोर्ड बडवत होतो आणि दुसऱ्या हाताशी तोच संगणक "आपण कोण?" विचारत होता.

संध्याकाळी पासवर्ड बदलला आणि एकूण ८० जीबीचा तो गठ्ठा हलला. सेकंदाला ११ मेगाबाइट. जुन्याचं कार्ड शंभरचं आहे ना? आहे, पण शंभर मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठाने भागा, राहिले साडेबारा, त्यातून वाटखर्च वजा. दोन तास मी केबलजवळून कुणाला जाऊ दिलं नाही.

"बाबा," मुलगी म्हणाली, "पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला असता तर? त्यात ती ४ जीबीची अट नसते. सहा फेऱ्यांत झालं असतं."

मी ऐकू न आल्यासारखं केलं. तेवढ्यात शंभर टक्के झाले. मी विजयाने सगळ्यांना बोलावलं. बायकोने पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान. आता ते आजचं पत्र तेवढं जुन्यावर टाका. प्रिंटर त्यालाच जोडलाय."

एका पानाचं पत्र. दोन्ही संगणक जोडलेले, दिवे लुकलुकतायत.

मी खण उघडला आणि पेन ड्राइव्ह काढला.