डोळा कॅमेरा असता तर माझा धंदा बसला असता

नागपुरात बर्डीवरच्या एका चष्म्याच्या दुकानात मी डोळे तपासतो. बाहेर सगळ्यांसारखीच पाटी आहे, ‘डोळे कॉम्प्युटरवर तपासून मिळतील’. गेल्या आठवड्यात आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एका काकांनी एक फॉरवर्ड टाकला आणि संध्याकाळपर्यंत तोच मला आणखी तीन ग्रुपांवरून आला. मजकूर थोडक्यात असा:

“विज्ञानाने अखेर कोडे सोडवले! मानवी डोळा म्हणजे ५७६ मेगापिक्सेलचा कॅमेरा. जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू, कडेला आंबट आणि खारट कळते. इंद्रिये पाचच, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. उन्हातले मृगजळ हा मेंदूचा भ्रम आहे. ज्या भाषेत निळ्याला शब्द नाही त्या लोकांना निळा रंग दिसतच नाही. आता मेंदूच्या स्कॅनमध्ये सगळे दिसते, तेव्हा मानसशास्त्र, तत्त्वज्ञान असल्या विषयांवर पैसा घालवणे बंद करा.”

मी लिहिलं, “काका, यातलं बरंच चुकीचं आहे.” लगेच उत्तर आलं, “काय चुकीचं आहे थे सांग ना बे!” ग्रुपवर एवढं टंकायला जमलं नाही, म्हणून इथे लिहितो.

कॅमेऱ्यापासून सुरू करू, कारण माझी रोजीरोटी तिथेच आहे. ५७६ हा आकडा कुणी डोळ्यात मोजलेला नाही, तो गुणाकार आहे. समोरचं दृश्य १२० अंश रुंद आणि १२० अंश उंच धरायचं, आणि एका अंशाच्या साठाव्या भागाच्याही ०.३ पट इतका बारीक ठिपका डोळ्याला सगळीकडे कळतो असं मानायचं. आडवे २४,००० ठिपके, उभे २४,०००, गुणाकार ५७ कोटी ६० लाख. गणित बरोबर आहे. गोची ‘सगळीकडे’ या शब्दात आहे. एवढं बारीक फक्त नजरेच्या मधोमध दिसतं, हात लांब केल्यावर अंगठ्याचं नख जेवढी जागा व्यापतं साधारण तेवढ्यात. खात्री करायची तर या ओळीतल्या एकाच शब्दावर नजर रोखा आणि डोळा न हलवता पाच शब्द पलीकडचं वाचून दाखवा. शिवाय डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू असतात दहा-बारा लाख. त्यातून ५७ कोटी ठिपके एकेक करून जाणार कुठून?

आणि या कॅमेऱ्याला चक्क एक भोक आहे. कोऱ्या कागदावर दोन टिकल्या आडव्या रेषेत, आठ सेंटिमीटर अंतरावर लावा. डावा डोळा मिटा, उजव्यानं डावी टिकली बघत राहा आणि कागद साधारण ३० सेंटिमीटरवर धरून हळूहळू पुढेमागे करा. एका जागी उजवी टिकली गायब होते. नस जिथून डोळ्याबाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात, हे मारिऑत या फ्रेंच माणसानं सतराव्या शतकात दाखवलं. गंमत त्यापुढची आहे. टिकली गेली तरी तिथे काळा खड्डा दिसत नाही, कोरा कागदच दिसतो. तो कागद तिथे कोण भरतं? भोक कुठे आहे हे शरीररचना सांगते. ते आपल्याला का जाणवत नाही हे तिला एकटीला सांगता येत नाही. तिथे ‘तुम्हाला काय दिसतंय?’ असं माणसाला विचारावं लागतं.

आता आमच्या पाटीवरचा ‘कॉम्प्युटर’. ते यंत्र काही सेकंदांत डोळ्याचा नंबर छापून देतं, आणि चांगलं देतं. तरी त्या चिठ्ठीवरून थेट चष्मा बनवणारा माणूस टिकत नाही. मी त्या नंबरची भिंगं ट्रायल फ्रेममध्ये, म्हणजे चाचणीच्या चष्म्यात, घालतो, भिंग बदलतो आणि विचारतो, “पहिलं बरं की दुसरं?” दिवसातून शंभरदा तरी. गिऱ्हाइकाला वाटतं, याला काही येत नाही म्हणून मलाच विचारतोय. प्रत्यक्षात हे एक जुनं शास्त्र आहे. जर्मनीतल्या वेबर यांनी वजनं उचलायला देऊन मोजलं की माणसाला किती फरक कळतो. पन्नास ग्रॅमवर दहा ग्रॅम वाढवले तर हाताला सहज कळतात, किलोवर तेच दहा ग्रॅम कळत नाहीत. फरक कळण्यासाठी किती भर लागेल ते मुळात किती आहे त्यावर ठरतं. (कॉटन मार्केटमधल्या भाजीवाल्यांना हा नियम वेबरच्या आधीपासून माहीत असावा.) फेशनर यांनी १८६० मध्ये यावर अख्खा ग्रंथ लिहिला आणि जाणिवेचं मोजमाप सुरू झालं. तेव्हा स्कॅन सोडा, घरात विजेचा दिवाही नव्हता.

जिभेचा नकाशा लवकर उरकतो. १९०१ मध्ये हेनिग या जर्मन संशोधकाला जिभेच्या निरनिराळ्या भागांत संवेदनक्षमतेचा अगदी किरकोळ फरक आढळला. पुढे १९४२ मध्ये बोरिंग यांच्या पुस्तकात तो आलेखातून असा मांडला गेला की वाचणाऱ्याला वाटावं, टोकाला फक्त गोडच कळतं. १९७४ मध्ये कॉलिंग्ज यांनी पुन्हा मोजलं: फरक आहे, पण नगण्य. जिभेच्या टोकावर मीठ ठेवून बघा, काम संपलं.

पण नागपुरात बसून चवीबद्दल बोलायचं आणि सावजीचं नाव काढायचं नाही, हे जमणार नाही. तिखट ही चवच नाही. मिरचीतलं झोंबणारं द्रव्य, कॅप्सायसिन, पेशीवरच्या ज्या ग्राहीला (संवेदना टिपणाऱ्या रेणूला) जाऊन चिकटतं, ती मुळात साधारण ४३ अंशांच्या पुढचा चटका ओळखण्यासाठी आहे. (४३ हा आकडा आम्हाला मे महिन्याच्या पेपरात रोज भेटतो.) डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये तिचं जनुक शोधलं आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे सावजी मटणाचा रस्सा खाताना ‘तोंड भाजलं’ म्हणतो ते शब्दशः खरं, भाजल्याचीच तार वाजते.

मग भाजून घ्यायला आपण रांग का लावतो? इथे रेणू गप्प बसतो. पॉल रोझिन हे मानसशास्त्रज्ञ मेक्सिकोतल्या एका गावात गेले. तिथली कुत्री-डुकरं रोज मिरचीचं उष्टं खात, पण साधं आणि तिखट असं दोन्ही समोर ठेवलं की आधी साध्यावर तोंड टाकत. माणसाची पोरं मात्र घरातल्या मोठ्यांचं बघून काही वर्षांत तिखटाची भोक्ती होत. ग्राही तीच, झोंबणंही तेच, आवड नंतर आलेली. हे कळायला गावातच जावं लागतं.

इंद्रियं पाचच? डोळे मिटून बोट नाकाच्या शेंड्याला लावा. बोट कुठे आहे हे पाहून, ऐकून, हुंगून, चाखून कळलं नाही आणि लागेपर्यंत स्पर्शही नव्हता. स्नायू-सांध्यांची ती वेगळी जाणीव आहे, आणि कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांमधली तोल सांभाळणारी आणखी वेगळी. पूर्वजांना यात ओढायचं तर पूर्ण ओढा: न्यायदर्शनात मन हेही एक इंद्रिय धरलं आहे, आतलं.

मृगजळाचा मुद्दा वाचून मला खरंच हसू आलं. मे महिन्यात दुपारी वर्धा रोडवर पुढे पाणी साचलेलं दिसतं, तेव्हा मोबाइल काढून फोटो घ्या. फोटोतही पाणी येतं. मोबाइलला कुठला आलाय मेंदू? डांबराजवळची हवा तापून विरळ होते, आकाशाकडून येणारे किरण तिथे वाकून वर डोळ्यात शिरतात, आणि दिसतो तो आकाशाचाच तुकडा. हा भौतिकशास्त्राचा विषय. भ्रम हवा असेल तर कोजागरीला गच्चीवर या. उगवतीचा चंद्र परातीएवढा दिसतो आणि दूध आटेपर्यंत वाटीएवढा होतो. पंचिंग मशीननं कागदाला भोक पाडा, हात ताठ करून एका डोळ्यानं त्यातून चंद्र बघा. उगवताना तो त्या भोकात जेमतेम मावतो आणि डोक्यावर आल्यावरही तसाच. दोन्ही वेळा चंद्र अर्ध्या अंशाचाच. इथे कॅमेरा फसत नाही, आपण फसतो, आणि नेमकं का यावर अजून एकमत नाही.

भौतिकशास्त्राचा विषय निघाला म्हणून सांगतो. सी. व्ही. रामन सरकारी हिशेब खात्यात असताना १९१० मध्ये वर्षभराच्या आतच्या मुक्कामाला नागपुरात होते. म्हातारपणी ते दृष्टीच्या अभ्यासाकडे वळले आणि १९६८ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्यात त्यांनी डोळ्यात तीन प्रकारचे रंगग्राही असतात हा सिद्धांतच नाकारला. तोवर शरीरशास्त्रज्ञांनी डोळ्यातल्या रंग टिपणाऱ्या एकेका शंकूपेशीवर प्रकाश टाकून ते तीन प्रकार मोजून दाखवले होते, १९६४ मध्येच. प्रकाश रामन यांच्याइतका कुणाला कळत होता? तरी पेशींच्या बाबतीत ते चुकले.

आता निळा रंग. मूळ १८५८ मधलं: ग्लॅडस्टन या इंग्रज राजकारण्याच्या लक्षात आलं की प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काव्यात निळ्यासाठी धड शब्द नाही. तिथून वाढत वाढत ‘त्यांना निळं दिसतच नव्हतं’ झालं. शब्द नसणं आणि न दिसणं यात मोठं अंतर आहे. माझी आई लुगड्यांचे रंग सांगताना चिंतामणी वेगळा आणि मोरपिशी वेगळा म्हणते. माझ्या लेखी दोन्ही ‘निळसर हिरवं’. दोन पदर शेजारी ठेवले तर फरक मलाही दिसतो. पण तासाभरानं इतवारीतून ‘तसाच’ आणायला पाठवलं तर मी हमखास चुकीचा आणणार.

प्रयोगांत निघालं तेही या वळणाचं. रशियन भाषेत गडद निळ्याला आणि फिक्या निळ्याला दोन स्वतंत्र शब्द आहेत. २००७ मधल्या एका प्रयोगात, दोन छटा त्या दोन शब्दांत विभागल्या गेल्या की रशियन भाषकांना त्या वेगळ्या ओळखायला कमी वेळ लागला, सेकंदाच्या छोट्याशा अंशानं. मनात आकडे घोकायला लावले की तो फायदाही गेला. म्हणजे भाषा मदतीला धावते, डोळे झाकत नाही. हे शोधायला भाषाशास्त्र लागलं, स्टॉपवॉच लागलं आणि आकडे घोकण्याची युक्ती लागली.

शेवटचा मुद्दा सगळ्यात घातक, कारण त्यात पैसा बंद करायची मागणी आहे. मेंदू काम करत असताना घेतात त्या एफएमआरआय स्कॅनमध्ये विचार दिसत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल दिसतो. तोही पाच-सहा सेकंद उशिरा शिखर गाठतो, आणि चित्रातल्या एका ठिपक्यात लाखो चेतापेशी असतात. २००९ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी मेलेला सॅमन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि ‘यांच्या भावना ओळख’ असं सांगितलं. हजारो ठिपके एकदम तपासताना योगायोगानं उजळणारे ठिपके गाळणारी आकडेमोडीतली दुरुस्ती वगळली तर मेलेल्या माशाचा मेंदू ‘काम करताना’ दिसला! स्कॅन खोटं असतं असा याचा अर्थ नाही. पण तो ठिपका कशाचा, हे माणसानं ‘हो, दिसलं’ किंवा ‘नाही दिसलं’ म्हटल्याशिवाय ठरत नाही.

आणि तत्त्वज्ञान? १६८८ मध्ये आयर्लंडमधल्या मॉलिन्यू यांनी इंग्रज तत्त्वज्ञ लॉक यांना एक प्रश्न पाठवला. जन्मांधाला चेंडूसारखा गोल आणि फाशासारखा घन हातानं ओळखता येतात. त्याला अचानक दृष्टी आली, तर हात न लावता तो ते ओळखेल का? तीनशे वर्षं नुसता वाद. उत्तराकडे नेणारा प्रयोग झाला तो दिल्लीत. पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या ८ ते १७ वयाच्या पाच मुलांची चाचणी घेतली, तिचा निष्कर्ष २०११ मध्ये आला. नजर आल्याबरोबर त्यांना हातानं चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखता आली नाही. पण काही दिवसांतच जमायला लागलं. माझ्या धंद्यात ‘वय गेलं, आता काही उपयोग नाही’ हे वाक्य किती सहज टाकलं जातं ते मला माहीत आहे, मीही टाकलेलं आहे. प्रश्न तत्त्वज्ञाचा, चाकू सर्जनचा, चाचणी मानसशास्त्रज्ञाची. यातलं कोणतं खातं बंद करायचं?

हे सगळं लिहून झालं आणि शनिवारी काकाच दुकानात आले, चष्मा बदलायला. कॉम्प्युटरनं काढलेला नंबर ट्रायल फ्रेममध्ये घालून त्यांना चार पावलं चालवलं. म्हणाले, “जमीन तिरपी दिसते ना बापा.” सिलिंडर भिंगाचा ॲक्सिस, म्हणजे ते बसवायचा कोन, जरासा फिरवला, पाव नंबर कमी केला, पुन्हा तक्त्यासमोर बसवलं.

“पहिलं बरं की दुसरं?”

“थांब. घाई नको करू. पुन्हा दाखव.”