फोटो टाकला, पण विचारलं कोणाला?

निवडणूक आली, तणावाची कुणकुण लागली किंवा मोठा सण तोंडावर आला की महाराष्ट्रात पोलिसांची सूचना ठरलेली: आक्षेपार्ह मजकूर आला तर ग्रुप ॲडमिन जबाबदार. मग एका रात्रीत सोसायटीपासून शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपर्यंत सगळ्या ग्रुपांना ‘ओन्ली ॲडमिन’चं कुलूप लागतं. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू दिसल्याखेरीज, ॲडमिनला धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलं आहे. तरी गाडी ‘कलम कोणावर’ याच स्टेशनात अडकलेली.

२०१२ मध्ये पालघरला फेसबुकवरच्या पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली, गदारोळ उठला आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुरासाठी अटक करू देणारं ६६अ कलम रद्द केलं. ती लढाई हवीच होती. पण ती बोलणाऱ्याच्या हक्काची होती. ज्याच्याविषयी बोललं जातं, ज्याचा फोटो फिरवला जातो, त्याच्या हक्काचं काय? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून, भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी फक्त पाच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. सोसायटीच्या ग्रुपवर ‘हा माणूस संशयास्पद वाटतो, सावध राहा’ म्हणून सीसीटीव्हीतला चेहरा टाकणं मात्र आजही जागरूकपणात मोजलं जातं.

जर्मनीत राहणाऱ्याला हा फरक पहिल्याच गणेशोत्सवात कळतो. इथे दुसऱ्याचा चेहरा त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही, आणि हा कायदा १९०७चा आहे. १८९८ मध्ये जर्मनीचा माजी चॅन्सलर बिस्मार्क वारला त्या रात्री दोन छायाचित्रकारांनी त्याच्या खोलीत घुसून मृतदेहाचे फोटो काढले. त्या प्रकरणाने या कायद्याला चालना दिली. उल्लंघनाला दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मिरवणुकीतली गर्दी किंवा देखाव्यात सहज आलेली माणसं याला अपवाद आहेत, पण स्टेजवर नाचणाऱ्या चार मुलींचा जवळून घेतलेला फोटो म्हणजे गर्दी नव्हे.

त्यामुळे इथल्या मराठी मंडळाच्या नोंदणी फॉर्मवर फोटोचा रकाना वेगळा हवा. ‘कार्यक्रमाला आलात म्हणजे संमती आहे’ असं बारीक अक्षरात छापून भागत नाही, आधीच टिक केलेला चौकोनही चालत नाही. फोटो वेबसाइटवर जाणार, इन्स्टाग्रामवर की फक्त सभासदांच्या ग्रुपवर, हे स्पष्ट लिहायचं. लहान मुलांसाठी दोन्ही पालकांची सही घ्यायची. घटस्फोटित पालकांच्या बाबतीत नेमका इथेच घोळ होतो: आईने हो म्हटलेलं असतं आणि बाबांच्या वकिलाचं पत्र येतं. संमती नंतर मागे घेता येते, तेव्हा कोणता फोटो कुठे टाकला याची यादी ठेवायची, नाहीतर काढायची वेळ आली की कोणालाच काही आठवत नाही. आणि ज्यांना फोटो नको त्यांना दारातच रंगीत फीत द्यायची. नंतर ब्लर करत बसण्यापेक्षा ते सोपं.

म्हणून जर्मनीची आरती ओवाळायला नको. खासगीपणाचा एवढा सोस असलेल्या या देशात, पाककृतींच्या ब्लॉगवर दोन जाहिराती लावल्या की स्वतःचा पूर्ण पत्ता जाहीर छापावा लागतो. पोस्ट बॉक्स चालत नाही. आणि ज्याचा गवगवा फार, तो ‘विसरलं जाण्याचा हक्क’ही बेताचाच. २०१४च्या युरोपीय न्यायालयाच्या निकालामुळे आपल्या नावाच्या शोधातून जुना, गैरलागू दुवा काढून टाका असा अर्ज गूगलकडे करता येतो. उत्तर साधारण महिन्याभरात यायला हवं, नकार आला तर राज्याच्या डेटा संरक्षण कार्यालयाकडे तक्रार करता येते. पण मूळ पान जागेवरच राहतं, आणि २०१९च्या निकालानुसार हा दुवा जगभरातून काढण्याची सक्ती गूगलवर नाही. म्हणजे म्युनिकच्या एचआरला जे दिसत नाही, ते पुण्यात स्थळाची चौकशी करणाऱ्या मावशींना व्यवस्थित दिसतं.

भारतात २०२३चा डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना त्यापुढे १८ महिन्यांची मुदत आहे. पण आपण स्वतःच जाहीर केलेली माहिती या कायद्याच्या कक्षेत येत नाही. शिवाय आपल्याकडे न्यायालयाचे निकाल बहुधा पूर्ण नावानिशी प्रसिद्ध होतात, जर्मनीत ते नावं झाकून छापतात. निर्दोष सुटलेल्या माणसाचं नाव शोधलं की आधी खटलाच वर येतो. टीव्हीवरच्या चर्चेत याला पाच मिनिटं मिळाली तरी पुष्कळ झालं.

कायदा पुरता लागू होईल तेव्हा होईल, तोवर आपलं नाव आपणच तपासायचं. लॉगिन नसलेल्या प्रायव्हेट विंडोमध्ये नाव अवतरणचिन्हांत घालून शोधा: देवनागरीत, रोमनमध्ये, व्ही आणि डब्ल्यू, एक ए आणि दोन ए अशा सगळ्या स्पेलिंगांनी, वडिलांच्या नावासह आणि त्याशिवाय. मराठी माणसाची खरी अडचण म्हणजे हे वडिलांचं नाव. पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात वडिलांचं नाव जोडलेलं असेल, तर जर्मन कार्यालयात ते आपलंच दुसरं नाव ठरतं. मग करारावर एक माणूस, लिंक्डइनवर दुसरा, शोधनिबंधावर तिसरा. एकच रूप ठरवून सगळीकडे तेच वापरावं. संशोधकांनी ऑर्किड (ORCID) हा संशोधकांसाठीचा सोळा अंकी ओळख क्रमांक घ्यावा, तो स्पेलिंग बदललं तरी बदलत नाही.

नको ते सापडलं तर क्रम महत्त्वाचा. आधी पानाचा वेब-पत्ता आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट. मग टाकणाऱ्याला सरळ, सभ्य निरोप. बरीच प्रकरणं इथेच मिटतात. नाही मिटलं तर प्लॅटफॉर्मकडे तक्रार. पान निघाल्यावरही शोधात जुनाच मजकूर दिसत राहिला, तर गूगलच्या कालबाह्य मजकुराच्या फॉर्मवर तो पत्ता द्यायचा. लोक नेमकं उलट करतात: आधी गूगलला लिहितात, ‘पान अजून आहे’ असं उत्तर येतं आणि वैतागून सोडून देतात.

स्वतःचं जुनं खातं असेल तर ॲप काढून टाकल्याने खातं जात नाही. आधी त्याला जोडलेला ईमेल जिवंत आहे ना ते पाहा, कारण कॉलेजचा ईमेल बंद झाला की पासवर्ड बदलायची वाटही बंद. मग माहितीची प्रत उतरवून घ्या, जुन्या जाहीर पोस्टची दृश्यता एकदम मित्रांपुरती करा, आणि शेवटी खातं मिटवा. फेसबुक ३० दिवस वाट पाहतं; त्या काळात चुकून लॉगिन करून विनंती रद्द केली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.