होतकरू विमानमालकास काही सूचना

मुंबईहून लंडनला स्वतःची विमानसेवा सुरू करण्याचे आपण मनावर घेतले असेल, तर प्रथम अभिनंदन. विमाने, वैमानिक, प्रवासी या किरकोळ बाबी मागाहून पाहता येतील. आधी नकाशा गुंडाळून घड्याळ हाती घ्यावे, कारण लांब पल्ल्याचे मार्ग प्रवाशांच्या इच्छेपेक्षा धावपट्टीवरील रिकाम्या मिनिटांवर ठरतात.

मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, असे ऐकून हुरळून जाऊ नये. त्या एकमेकींना छेदतात; म्हणून एका वेळी एकच चालते आणि गर्दीच्या तासाला उडणारी व उतरणारी मिळून 46 च्या आसपास विमानेच तेथे सामावतात. या जागा, म्हणजे स्लॉट, आधीच कोणाच्या तरी आहेत. ज्याने एका हंगामात मिळालेल्या स्लॉटांपैकी किमान 80 टक्के वापरले, त्याचा पुढील वर्षीच्या त्याच हंगामात त्यांवर हक्क राहतो. गिरगावातल्या पागडीच्या खोलीप्रमाणे एकदा आत शिरलेला सहसा बाहेर पडत नाही. म्हणून स्लॉट मिळालाच, तर प्रवासी नसले तरी विमान उडवावे. करोनाच्या सुरुवातीस, नियम शिथिल होईपर्यंत, युरोपात जवळजवळ रिकामी विमाने उडाल्याच्या बातम्या होत्या. त्यात जळालेले इंधन मोजण्याचा क्षुद्रपणा करू नये. नवागतांना नियमात सवलतही आहे: शिल्लक स्लॉटांपैकी निम्मे त्यांच्यासाठी असतात. शिल्लक शून्य असेल, तर त्याच्या निम्म्यावर आपला हक्क अबाधित आहे.

कोल्हापूरच्या 70 आसनी विमानाला आणि लंडनच्या 300 आसनी विमानाला स्लॉट एकच लागतो. तेव्हा विमान मोठेच घ्यावे आणि कोल्हापूरकरांना रेल्वेचे वेळापत्रक पाठवावे.

वेळेबाबत हट्ट नसावा. उदाहरणार्थ, जर्मनीतल्या फ्रँकफर्टला रात्री 11 ते पहाटे 5 नियोजित उड्डाणे बंद असतात, त्यामुळे तिकडे पहाटे दार उघडताच पोहोचायचे, तर मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघावे लागते. जर्मन नागरिकांची झोप मोडू नये, म्हणून कुर्ला आणि विलेपार्ल्याच्या रहिवाशांची मोडणे, ही व्यवस्था अत्यंत सुसंस्कृत आहे. (पार्लेकर तक्रारी लिहितात, पण त्यांचा मजकूर फार शुद्ध असतो.)

25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळ चालू झाल्याने आपली उमेद वाढली असेल. तेथून उडाल्यावर विमान कुठेतरी उतरवावेही लागते, एवढेच लक्षात असू द्यावे. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर वर्षाला 4,80,000 उड्डाण-अवतरणांची मर्यादा असून, 2016 मध्ये ओमान एअरने तेथील स्लॉटच्या एका जोडीसाठी (एक उतरण्याचा, एक उडण्याचा) साडेसात कोटी डॉलर मोजल्याचे वृत्त होते. इतकी रक्कम जमत नसल्यास लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाकडे वळावे. तेही लंडन म्हणूनच विकले जाते, आणि 2023 मध्ये एअर इंडियानेही अमृतसर, अहमदाबाद, गोवा आणि कोचीची विमाने तेथेच नेली. शिवाय गॅटविकलाही एका वेळी एकच धावपट्टी वापरात असल्याने आपल्याला परक्या देशात आल्यासारखे वाटणार नाही.