बप्पीदांनी डॉ. ड्रेला खरंच हरवलं होतं का?

बप्पी लाहिरी २०२२ च्या फेब्रुवारीत गेले तेव्हापासून एक गोष्ट पुन्हा पुन्हा फिरतेय. डॉ. ड्रे या बड्या अमेरिकन रॅप निर्मात्याने बप्पीदांची चाल चोरली, बप्पीदांनी त्याला तिथल्या कोर्टात खेचलं आणि केस जिंकली. कुणी सोबत ५० कोटी डॉलरचा आकडाही चिकटवतं. ऐकायला झकास आहे, पण यातलं फार थोडं खरं आहे.

आधी 'ड्रेने चोरली' हे पाहू. गाणं होतं 'अ‍ॅडिक्टिव्ह', २००२ चं. गायिका ट्रुथ हर्ट्स, सोबत न्यूयॉर्कचा दिग्गज रॅपर रकीम. बिलबोर्डच्या हॉट १०० या अमेरिकन लोकप्रियता-यादीत ते ९ व्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याचा ट्रॅक, म्हणजे गायनामागचं संगीत, बांधला रॅपर-निर्माता डीजे क्विकने. टीव्हीवर हिंदी गाणं लागलेलं पाहून त्याने ते व्हीसीआरवर टेप केलं, असं त्यानेच सांगितलंय. ड्रे होता गाणं काढणाऱ्या 'आफ्टरमाथ' या रेकॉर्ड कंपनीचा संस्थापक. जबाबदारीतून तो सुटत नाही, पण ट्रॅक त्याचा नव्हे.

'चाल चोरली' हेही अर्धवटच. चाल ऐकून नवं काही रचलं, असं झालं नाही. बप्पीदांचं संगीत असलेल्या 'ज्योती' (१९८१) या चित्रपटातल्या 'थोडा रेशम लगता है' चं मूळ ध्वनिमुद्रणच उचलून ट्रॅकभर फिरवलं. म्हणजे त्यात लतादीदींचा प्रत्यक्ष आवाज आहे. विनापरवानगी झालं हे चूकच; त्याबद्दल माझं काही भांडण नाही.

५० कोटी डॉलर? हा आकडा ऑडिओ कंपनी सारेगामाने आपल्या दाव्यात मागितला होता. दाव्यात मागितलेली रक्कम म्हणजे निकाल नव्हे, आणि मागणारे बप्पीदाही नव्हते.

आता मुख्य भाग, 'केस जिंकली'. फेब्रुवारी २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या फेडरल कोर्टाने बप्पीदांच्या बाजूने मनाई हुकूम दिला: त्यांचं नाव छापल्याशिवाय हे गाणं असलेला अल्बम विकायचा नाही. बातम्या झाल्या त्या याच्या. पण तो अंतरिम आदेश होता. पुढे कोर्टाने साधा प्रश्न विचारला, गाण्याचा मालक कोण? बप्पीदांनी संगीत केलं ते 'ज्योती' ची निर्माती कंपनी प्रमोद फिल्म्सकडून मोबदला घेऊन. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगितलं होतं की वेगळा करार नसेल तर अशा संगीताचा पहिला मालक चित्रपटनिर्माता. निर्मात्याकडून हक्क ग्रामोफोन कंपनीकडे, म्हणजे आजच्या सारेगामाकडे गेले. बप्पीदांचा कॉपीराइटचा दावा तिथेच कोसळला. एवढंच नव्हे, असा दावा रेटल्याबद्दल त्यांच्या वकिलाला सुमारे २ लाख ४७ हजार डॉलरचा भुर्दंड बसला आणि २०१० मध्ये अपील कोर्टानेही तो कायम ठेवला.

यावर ठरलेलं उत्तर येतं, 'अमेरिकन कोर्ट आपल्या माणसाला कसा न्याय देणार!' अहो, बप्पीदांना आडवा आला तो भारतीय कायदा. आणि १९७७ च्या त्याच निकालाला न्या. कृष्णा अय्यर यांनी एक टिपण जोडलंय, ते वाचण्यासारखं आहे: गाणाऱ्याला त्याच्या गाण्यावर आपल्या कायद्यात हक्कच नाही, संसदेने याचा विचार करावा. ज्या लतादीदी साठच्या दशकात रॉयल्टीसाठी रफीसाहेबांशीही भांडल्या, त्यांचाच आवाज 'अ‍ॅडिक्टिव्ह' मध्ये घुमतोय, आणि व्हायरल पोस्टमध्ये त्यांचं नावही नसतं.

मग कंपनी तरी नेहमी जिंकते का? तसंही नाही. 'आराधना' तल्या 'बागों में बहार है' चा तुकडा टिंबालँड या अमेरिकन संगीत-निर्मात्याने रॅपर द गेमच्या २००५ च्या एका गाण्यात वापरला, म्हणून सारेगामा पुन्हा कोर्टात गेली. तिथे १९६७ चा जुना करार उघडून वाचला गेला. त्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा कंपनीचा हक्क फक्त दोन वर्षांपुरता होता, असं म्हणत २०११ मध्ये अपील कोर्टाने टिंबालँडच्या बाजूने कौल दिला. त्याने परवानगी घेतली होती का, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

२०१२ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात बदल झाला. चित्रपटगृहाबाहेर गाणं वाजलं तर संगीतकाराचा आणि गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा आता निर्मात्याला लिहून घेता येत नाही. 'ज्योती' चं संगीत झालं तेव्हा असं कलम नव्हतं, म्हणून बप्पीदांच्या हाती पडला तो नाव छापण्याचा अंतरिम हुकूम.