उजेडात आलेला ओरखडा

गाडी मी फाटकाला घासली, असं म्हणणं अन्यायाचं होईल. मी नेहमीच्याच वाटेने गाडी आत घेत होतो. फाटकाची कडी मात्र त्या दिवशी नेहमीच्या जागी नव्हती. एक बारीकसं 'कर्रर्र' झालं आणि मागच्या दरवाजावर वीतभर रेघ उमटली. इतकी सरळ, की शाळेत पट्टी धरूनही मला तशी कधी मारता आली नव्हती.

गाडी बारा वर्षांची आणि गडद निळी. अंगावर आधीच इतके चरे, डाग आणि धूळ, की हा नवा भिडू गर्दीत सहज खपून गेला. बायकोच्या लक्षात आला नाही. पण मन खात होतं. तिच्या नजरेस पडायच्या आत त्याचा निकाल लावायचा, असं ठरवून मी गुपचूप रबिंग कंपाउंडची डबी आणली.

तोवर माझी समजूत अशी, की कंपाउंड म्हणजे एक प्रकारचं मलम. चोळायचं, की जखम भरून येते. जरा वाचल्यावर कळलं, की हे मलम नसून पातळ केलेला पॉलिश पेपरच आहे. त्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडसारख्या कठीण पदार्थाचे बारीक कण असतात आणि ते रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, चक्क तासतात. ओरखडा बुजत नाहीच. त्याच्या आजूबाजूचा सगळा भाग खरवडून ओरखड्याच्या तळाइतका खाली आणायचा, की ओरखडा 'गेला'! वर्गात एक मुलगा मागे पडला, म्हणून बाकी सगळ्यांचे गुण कापून त्याच्या बरोबरीला आणावेत, तशातला हा न्याय.

बरं, तासायला माल तरी किती? हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केससुद्धा बहुधा याहून जाड भरतो. माझ्या डोक्यावर उरलेत त्यांच्याबद्दल खात्री देत नाही.

मग एक चाचणी वाचनात आली. ओरखड्यावरून आडवं नख फिरवायचं. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे, कंपाउंडच्या हाताबाहेरचा. मी फिरवलं. अडकलं. घरात गेलो, नखं कापली आणि परत येऊन फिरवलं. अजिबात अडकलं नाही. निर्धास्त मनाने कामाला लागलो.

आधी गाडी धुतली. धुतल्यावर हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून पत्रा चाचपायचा असतो. उघड्या बोटांना जी खरखर कळत नाही, ती पिशवीतून कळते. मला वाळूवरून हात फिरवल्यासारखं वाटलं. ही चिकटलेली घाण काढायला क्ले बार नावाची मातीसारखी लवचीक वडी मिळते. पत्रा ओला ठेवून ती हलक्या हाताने सरकवायची. जमिनीवर पडली तर मात्र तिला लागलेले खडे पत्र्यावर नवे ओरखडे पाडतात, म्हणून ती टाकून द्यायची. माझी तिसऱ्या मिनिटाला पडली. मी ती तीन-चार वेळा झटकली, तिच्याकडे प्रेमाने पाहिलं आणि टाकून दिली.

कंपाउंड घेऊन फडक्याने रेघेवर अर्धा तास चोळलं. खांदा भरून आला. पुसून पाहतो तर रेघ जागच्या जागी आणि तिच्याभोवती बशीएवढा गोल असा काही लखलखतोय, की बाकीचा दरवाजा भंगारातून उचलून बसवल्यासारखा दिसावा. ओरखडा लपवायला निघालो होतो आणि त्याच्याभोवती स्वतःच्या हाताने दिव्याची आरास केली होती.

आता मागे फिरणं शक्य नव्हतं. गोलाला जुळवायला दरवाजा चमकवणं भाग, दरवाजाला जुळवायला पुढचा दरवाजा, आणि तिथून बॉनेट. हाताने हे करायचं तर निवृत्तीनंतरची सोय झाली असती. एका मित्राने त्याचं पॉलिशिंग मशीन दिलं, सोबत पन्नास सूचना. त्यातली पहिलीच, चकती पत्र्याला टेकवून मग बटण दाबायची, मी विसरलो. चकतीवरचं सगळं कंपाउंड चष्म्यावर, भिंतीवर आणि वाळत घातलेल्या चादरीवर समान वाटलं गेलं. दुसरी सूचना सावलीत, थंड पत्र्यावर काम करण्याची. उन्हात कंपाउंड जागीच वाळतं. वाळलं. तिसरी, काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना टेप लावण्याची. त्या पट्ट्यांच्या खाचांत कंपाउंड जाऊन बसलं, की पांढरे डाग काही केल्या निघत नाहीत. गाडीला एका दिवसात म्हातारपणाच्या भुवया आल्या.

चौथी सूचना कडांबद्दल होती. कडांवर आणि उंचवट्यांवर थर पातळ असतो, तिथे मशीन रेंगाळलं तर रंगच उडतो. बॉनेटच्या उंचवट्यावर माझं मशीन क्षणभर रेंगाळलं. तिथे आता एक स्टिकर आहे. त्याविषयी अधिक बोलायची माझी इच्छा नाही.

संध्याकाळी लेक मोबाइलचा टॉर्च घेऊन आली. "बाबा, इथे कोळ्याचं जाळं आहे."

जाळं कसलं, बारीक गोल ओरखड्यांची नक्षी होती. दिवसभर जे चमकलं म्हणून मी छाती फुगवत होतो, ते टॉर्चखाली असं दिसत होतं. मी तज्ज्ञाच्या थाटात तिला समजावलं, "बाळा, चकती गोल फिरते ना, म्हणून मशीनचे ओरखडे नेहमी गोलच असतात. कंपाउंडने पाडलेले ओरखडे आणखी बारीक कणांच्या पॉलिशने घालवायचे, आणि मग वरून मेण."

"म्हणजे ओरखड्यांनीच ओरखडे पुसायचे?"

इतक्या थोडक्यात हा विषय मला कुणीच सांगितला नव्हता.

पुढचे दोन रविवार पॉलिशमध्ये गेले, तिसरा मेणात. पण खोटं कशाला बोलू, गाडी दिसायला लागली. बॉनेटमध्ये आभाळ दिसायचं, ढग सरकताना दिसायचे. बायको फोनवर बहिणीला सांगत होती, "हल्ली फार कामाचे झालेत." ज्या रेघेपायी हे सगळं मांडलं, तिचा मला विसरच पडला होता.

मेण पुसून झाल्यावर बायको कौतुकाने गाडीभोवती फिरली. डाव्या बाजूने मागे गेली आणि थबकली. स्वच्छ, निळ्या, आरशासारख्या दरवाजावर ती वीतभर रेघ दुरूनही वाचता येईल अशी उठून दिसत होती. आधी ती शंभरातली एक होती, आता एकटीच.

"अहो, हा ओरखडा कधी पडला? आधी तर नव्हता. मशीनने पाडलात ना?"

फाटकाची कडी, तीन आठवड्यांचं मौन, कापलेली नखं, सगळं डोळ्यांपुढून सरकलं. त्यामानाने हा आरोप फारच सौम्य होता.

"हो गं," मी मान खाली घालून म्हणालो. "मशीननेच."

तेवढ्यात लेक टॉर्च घेऊन वाकली. "पण बाबा, मशीनचे गोल असतात ना? हा तर एकदम सरळ आहे."